त्या वर्षीच्या लक्ष्म्या

हे मी अजून कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याला तर मी शेजारणीचं सुनेशी झालेलं भांडणही दोनदा ऐकवते. आता तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. मधेच थांबले तर “पुढं काय” म्हणू नका. माझं मी बोलेन.

मी पूर्णेला राहते. नवरा रेल्वेतून रिटायर झाला. माहेर पालम तालुक्यातलं. माहेरी माझी एक ख्याती आहे — कोणाच्या लग्नात मांडव उडाला, कोणाच्या बारशाला कोण रुसून उठलं, सगळं सुनंदाला विचारायचं. भाचे मला मेमरी कार्ड म्हणतात. मला ते लय आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मागं जातीच्या दाखल्यांसाठी घरोघर वंशावळी काढायला लागले, तेव्हा आमच्या भावकीनंही काढायला घेतली. पुढाकार दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. पणजोबांपासून एकेक नाव, त्याच्याखाली त्याची लेकरं. कागद सापडला तिथं कागद, नाही तिथं जुन्या माणसांची साक्ष. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि देवगाव फाट्याहून दिगंबर आला.

दिगंबर कोण? आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ किशनबाबा. त्यांनी एका विधवा बाईशी पाट लावला होता. त्या घरात माणिककाका वाढले, आणि दिगंबर हा माणिककाकांचा मुलगा. बाप गेला तेव्हा रांगत होता, मग आईनं त्याला घेऊन आपलं माहेर धरलं. पण भावकीत कुजबुज होती — माणिक किशनबाबाचा नव्हेच, पहिल्या नवऱ्याचा, आईच्या कडेवर बसून आलेला. तसं असेल तर दिगंबरचं नाव आमच्या वंशावळीत येत नाही. नाव नाही तर त्याच्या पोरीला दाखला नाही, आणि दाखल्यावाचून तिची नर्सिंगची जागा जाणार होती.

आणखी एक. किशनबाबाचं वावर दादा कसत होता. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. मनात मात्र सगळ्यांच्या तेच.

भावकी मारुतीच्या ओट्यावर बसली. दिगंबरकडं कागद एकही नव्हता. त्याच्याकडं फक्त मेलेल्या आईचं सांगणं होतं. “माझा बाप गेला तवा लक्ष्म्या तोंडावर आल्या व्हत्या. माय म्हनायची, तुमच्या घरानं सुतक धरलं, लक्ष्म्या बसवल्या न्हाईत. परक्यासाठी कोनी लक्ष्म्या बंद ठेवतंय का?”

बिनतोड बोलला की हो! भाद्रपदातल्या लक्ष्म्या, म्हणजे गौरी, आमच्याकडं दिवाळीहून मोठ्या. त्या बसत नाहीत त्या फक्त सुतकात, आणि सुतक फक्त रक्ताच्या भावकीचं. कडेवर बसून आलेल्याचं कोण धरतं?

किशनबाबांच्या जवळच्या घरातलं, त्या वर्षाचं सांगू शकेल असं दादा आणि मी दोघंच उरलो होतो. दादा म्हणाला, “मला काई आठवत न्हाई. सुनंदाला इचारा.”

सगळे माझ्याकडं वळले. आता तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या गोष्टी, बाईला आठवलं नसेल — अहो, आठवायला कशाला लागतंय? मी चौथीत होते. लक्ष्म्यांसाठी नवं परकर-पोलकं शिवलं होतं. मुखवटे ट्रंकेतच राहिले, तशी मी पाय आपटत म्हणाले, “मरायला त्यांना हाच महिना सापडला का?” आईनं अशी काडकन थोबाडीत दिली! “काका व्हता तो तुझा,” म्हणाली. दादा तिथंच होता. हसला होता मला.

आणि ओट्यावर मी म्हणाले — “बसल्या होत्या की.”

तेवढ्यावर तरी थांबावं ना? नाही. पुरणपोळ्या झाल्या, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, मी नवं परकर-पोलकं घालून कुंकवाची पावलं काढली — सगळं रंगवून सांगितलं. पुढच्या वर्षीच्या लक्ष्म्या उचलल्या आणि त्या वर्षात नेऊन बसवल्या. सुनंदा एवढं बारीक सांगते म्हणजे खरंच असणार. माझी ख्याती तिथं कामाला आली.

का केलं? दादानं मला पढवलं नव्हतं. डोळासुद्धा वटारला नव्हता. मला दिवाळीला माहेरी जायचं होतं, दुसरं काही नाही. यष्टीतून उतरलं की भाच्यानं पिशवी घ्यावी, वहिनीनं चहा टाकावा. एवढ्यासाठी मी एका माणसाचा बाप पुसून टाकला. लाज वाटते का? वाटते. तेव्हा वाटली का? — वहिनीनं त्या दिवशी मला जेवायला आग्रह करकरून वाढलं, आणि मी जेवले.

दिगंबर भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. “अक्का म्हनतेत म्हंजे तसंच आसंल. मायचीच काईतरी गल्लत झाली आसंल,” म्हणाला, माझ्या पाया पडला आणि निघून गेला. जन्मभर खरं सांगत आलेल्या बाईला तिच्या पोरानं माझ्या शब्दावर खोटी ठरवली. किशनबाबाच्या नावाखाली “निर्वंश” लिहिलं. पोरीची जागा गेली. ती आता सेलूला कापडाच्या दुकानात उभी असते.

यंदा दादा गेला. दहाव्याला नदीवर भावकीतले पुरुष केस काढायला ओळीनं बसले होते, तर दिगंबर आला आणि ओळीच्या शेवटी टोपी काढून बसला. कोणीतरी हळूच म्हणालं, तुला कुठं सुतक लागतंय, तू कशाला?

तो म्हणाला, “माझ्या बापाचं त्यांनी धरलं न्हाई, ऱ्हाऊ द्या. मला धरू वाटलं.”

मी बायकांत बसले होते, हाकेच्या अंतरावर. त्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरेपर्यंत मी बघत राहिले. माणिककाका किशनबाबांचेच, हे सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मी तिथंही सांगितलं नाही.