जन्मभराचा टॅग

वेस्ट विंडसरमध्ये कुणी मला विचारलं, तू काय करतेस गं, की मी 'डिजिटल मार्केटिंग' असं सांगते. फार सोयीचं उत्तर आहे. समोरची बाई 'अच्छा अच्छा' म्हणते आणि पोह्यांची डिश उचलते. खरं सांगितलं तर पोहे राहतील बाजूला आणि मराठी मंडळातल्या सगळ्या काकू माझ्याभोवती कोंडाळं करतील. कारण मी ऑनलाइन पोकरच्या अफिलिएट प्रोग्रामांचं परीक्षण करते. हो, पोकर. पैसे लावून खेळायचे पत्ते. इथे न्यू जर्सीत ते कायदेशीर आहे, तरी नाकं मुरडणारे मुरडतातच.

काम समजायला सोपं आहे. पोकरच्या साइटला खेळाडू हवे असतात आणि ते आणून देतात दुसरे छोटे वेबसाइटवाले. त्यांना अफिलिएट म्हणतात. त्यांच्या लिंकवरून कुणी खातं उघडलं की त्या माणसावर त्यांचा टॅग लागतो, आणि तो खेळत राहील तोवर साइटच्या कमाईतला वाटा त्यांना मिळत राहतो. आता साइटवाले काही संत नव्हेत. ॲप बदलतात, खेळाडूला नव्यानं खातं उघडायला लावतात, आणि त्या गडबडीत टॅग गळून पडतो. ज्यानं माणूस आणला तो बसतो हात चोळत. म्हणून कुठल्या साइटच्या करारात काय लबाडी आहे आणि आणलेला खेळाडू तिथे किती सुरक्षित राहतो, ते वाचून मी लिहिते; माझ्या लेखांतही माझ्या स्वतःच्या टॅगच्या लिंका असतात. पुण्यात मी कंपनी सेक्रेटरी होते, बारीक अक्षरांत कुठे काय दडवलंय ते मला लगेच दिसतं. सगळ्यात जास्त गुण कुणाला? जिथे टॅग जन्मभराचा असतो आणि त्याला कुणी हात लावू शकत नाही, त्यांना. खेळाडू सुरक्षित म्हणजे अफिलिएटसाठी सुरक्षित, हे सांगायला नकोच. त्या माणसाचं स्वतःचं काय होतं, ते लिहायला माझ्या परीक्षणात जागाच नव्हती.

माझा दीर नवऱ्यापेक्षा बराच लहान. इथे आयटीत, तासाभराच्या अंतरावर एकटा राहायचा, ग्रीन कार्डच्या रांगेत. माझा फार लाडका. खोटं कशाला बोलू, कधीकधी नवऱ्यापेक्षाही. मी नवीन आले तेव्हा गाडी शिकवताना नवरा माझ्यावर असा खेकसायचा की मी मध्येच गाडी थांबवून रडत बसायचे. मग हा यायचा, स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला गोल गोल फिरवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, ठोक बिनधास्त, दादाचीच गाडी आहे." त्याच्यामुळे मी ड्राइव्ह करायला शिकले.

मागच्या वर्षी हा आमच्याकडे टॅक्सीनं यायला लागला. विचारलं तर म्हणे, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मी म्हटलं, "अरे, गाडी सर्व्हिसिंगला दिलीयस की बाळंतपणाला?" मला वाटलं हसेल. तो भांडी घासायच्या सिंकपाशी उभा होता, तिथेच खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. गाडी विकली होती. बँकेतलंही सगळं गेलं होतं. पोकर. कुठल्याशा वेबसाइटवर 'नवशिक्यांसाठी उत्तम साइट' असा लेख वाचला होता आणि त्यातल्या लिंकवरून गेला होता. लेख माझा नव्हता. तेवढ्यानंच मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचा माझा मलाच राग आला.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आल्या होत्या, त्याच्यासाठी स्थळं बघायला. त्यांना सांगावंच लागलं. मग आमच्या घरात एक बैठक झाली आणि तीत मी एकटी पडले.

मी सांगत होते ते एवढंच. इथे राज्याची एक सोय आहे. खेळणाऱ्यानं स्वतः नाव नोंदवायचं की मला खेळू देऊ नका. मग परवाना असलेल्या प्रत्येक साइटला त्याला दार बंद करावं लागतं, 'या, खेळा' असे मेलसुद्धा पाठवता येत नाहीत. नाव गुप्त ठेवतात. पण ते ज्याचं त्यानंच द्यायचं. भावाला, आईला, वहिनीला देता येत नाही.

नवरा ताडकन उठला. "ग्रीन कार्डची फाइल चाललीय आणि तू त्याला जुगाऱ्यांच्या सरकारी यादीत घालतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अरे, इमिग्रेशनचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

"कुणी लिहून दिलंय तुला?"

"मग वकिलाला विचार ना!"

"वकिलाला विचारायचं म्हणजे वकिलाला सांगायचं," तो म्हणाला.

सासूबाई मला म्हणाल्या, "काहून त्याच्या मागे लागून राहिली तू? लेकरू चुकलं, कबूल करून राहिलं. उद्या पोरीकडच्यांना कळलं तर कोण पोरगी देईल त्याला?" आणि दीर? तो मान खाली घालून बसला होता. त्या दिवशी आईनं किंवा दादानं नुसतं 'भर' म्हटलं असतं तरी त्यानं फॉर्म भरला असता. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते.

फॉर्मऐवजी नारळ आला. आमचे देव पँट्रीत वरच्या फळीवर असतात, डाळींच्या डब्यांच्या वर. तिथे उभं राहून त्यानं एका हातात नारळ धरला, दुसरा आईच्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा खेळणार नाही अशी शपथ घेतली. आई रडल्या, तो रडला, नवऱ्यानं नाक ओढलं, मीही रडले. मग सासूबाईंनी शिरा केला. शिरा खाता खाता नवरा म्हणाला, "चला, विषय संपला." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण सगळ्यांची तोंडं इतकी निवांत दिसत होती की मी गप्प बसून शिरा खाल्ला.

मला माहीत होतं पुढे काय येणार. खेळाडू गप्प झाला की साइटवाले काय करतात ते मला पाठ आहे. आधी 'आम्हाला तुमची आठवण येते' असा मेल. मग थोडे फुकट पैसे. मग एखाद्या स्पर्धेत फुकट प्रवेश. नाव बघतात आणि दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा देतात मेले. जो प्रोग्राम गप्प झालेल्या माणसाला परत आणून बसवतो तो चांगला, असं आमच्या धंद्यात मानतात. मीही मानत होते. आमच्या घरच्या देवांना आणि नारळाला ह्या यंत्रासमोर उभं केलं होतं, आणि हे कळणारी घरात मी एकटीच होते. दीर आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आला. मी रोज त्याचा चेहरा वाचायचे. चांगला दिसायचा. जेवायचा, आईशी गप्पा मारायचा. मलाही वाटायला लागलं, बाई गं, शपथ खरंच लागू पडली की काय.

मग नाशिकच्या एका मुलीच्या घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉल ठरला. रविवारी सकाळी दीर इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसला, शेजारी सासूबाई नवी साडी नेसून. मुलगी गोड होती, चुणचुणीत. तिनं विचारलं, तुम्हाला आवड कशाची? हा म्हणाला, ट्रेकिंगची. मी पाण्याचे ग्लास घेऊन त्याच्या मागून गेले. डावा हात टेबलाखाली मांडीवर होता, हातात फोन, फोनवर हिरवं टेबल आणि दोन पत्ते. अंगठा हलला. वर तोंड हसून मुलीच्या वडिलांना ऑफिसच्या ट्रेनचं वेळापत्रक सांगत होतं. सासूबाई कौतुकानं त्याच्याकडे बघत होत्या. माझ्या हातातला एक ग्लास कलंडला आणि पाणी सांडलं. पण कॉल चालू होता. पाहुण्यांसमोर काय बोलणार? पुसलं पाणी आणि गेले आत.

कॉल संपल्यावर त्याला गराजमध्ये गाठलं. "आईच्या डोक्यावर हात ठेवला होतास ना रे? लाज वाटत नाही?"

तो म्हणाला, "मी थांबलो होतो गं वहिनी. खरंच थांबलो होतो. मग त्यांचा मेल आला."

सोमवारी मी त्या साइटच्या अफिलिएट मॅनेजरला फोन केला. कामामुळे ओळखीचा, गोड बोलणारा माणूस. नवऱ्याला कळू नये म्हणून किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलले. दिराचं नाव सांगून म्हटलं, हा तुमच्याकडचा खेळाडू माझ्या घरातला आहे, त्याचं खातं बंद करा, त्याला मेल पाठवू नका, तो बरा नाहीये. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं असावं काहीतरी. म्हणाला, "हा खेळाडू तुमच्या टॅगवर नाहीये."

"माहितीय मला. तरी सांगतेय."

"मग मी त्याला हात लावू शकत नाही. उद्या तो तुमच्या लिंकवरून परत आला तर ज्यानं त्याला आणलं त्या अफिलिएटला मी काय सांगू?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. काहीतरी निमित्त काढून खेळाडूचं जुनं खातं बंद करवायचं आणि त्याच माणसाला आपल्या लिंकवरून पुन्हा आत आणायचं, ही ह्या धंद्यातली नेहमीची चोरी. हा मला चोर समजत होता! मी ओरडले, "अहो, दीर आहे तो माझा!" तो शांतपणे म्हणाला, असं खूप लोक सांगतात, कुणाचा भाऊ असतो, कुणाचा मित्र. आणि मग अगदी प्रेमानं: "तुम्हीच आमच्याबद्दल लिहिलं होतंत ना, इथे टॅगला कुणी धक्का लावू शकत नाही म्हणून? तो नियम तुमच्यासाठी मोडू का?" खेळाडूला बंद करायचं असेल तर त्यानं स्वतः यावं, म्हणाला. थँक्यू म्हणून मी फोन ठेवला. थँक्यू! इतकी वर्षं इथे राहून जिभेला तेवढीच सवय लागलीय. मग स्टिअरिंगवर हात आपटून आपटून रडले. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, आर यू ओके? मी म्हटलं, येस, येस.

घरी येताना ठरवलं, आता ग्रीन कार्ड गेलं खड्ड्यात, स्थळं गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेला, सासूबाई इतर आजी-आजोबांबरोबर तळ्याकाठी फिरायला गेल्या, आणि त्या दिवशी घरूनच काम करत असलेल्या दिराला मी स्वयंपाकघरात बोलावलं. लॅपटॉपवर तो राज्याचा फॉर्म उघडून ठेवला होता. म्हटलं, बस इथे, भर. मी कुणाचं ऐकणार नाही आणि तूही ऐकायचं नाहीस.

आणि तो बसला! हूं का चूं केलं नाही. नाव घातलं, पत्ता घातला. मी चहा टाकला. इतकं हलकं वाटत होतं मला. माझा दीर मला परत मिळणार होता, तो पार्किंगमध्ये गोल गोल फिरवणारा. त्या आनंदात मी बडबडत सुटले. त्याला मॅनेजरची गोष्ट सांगितली, नकला करून सांगितली. म्हटलं, "बघ ना, तुझ्यासाठी फोन केला आणि मी ठरले चोर! म्हणे मी तुझं जुनं खातं बंद करून तुला माझ्या लिंकवरून परत आणणार, म्हणजे वाटा मला!"

तो हसला. मग टाइप करायचा थांबला.

"असं करता येतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"हे बंद करून तुझ्या लिंकवरून उघडायचं." त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "मग तसंच करू ना वहिनी. इतके दिवस कुणा परक्या माणसाला माझ्यामुळे मिळतंय. तुला मिळालं तर काय वाईट आहे? निदान तेवढं तरी घरात राहील."

मला वाटलं, चेष्टा करतोय. करत नव्हता. कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. वहिनीसाठी आपल्या हातून काहीतरी होण्यासारखं आहे ह्याचा त्याला आनंद झाला होता.

माझा हात उचलला गेला. मारलं नाही, पण उचलला. "ऊठ," मी किंचाळले. "नाही, बस! भर तो फॉर्म! आत्ताच्या आत्ता भर!"

तो दचकला. मग जणू मी हट्टाला पेटलेलं लहान मूल आहे अशा थाटात, मला समजावत, हळू आवाजात म्हणाला, "बरं बरं, रागावू नकोस ना. नको तर नको. जुनंच खातं राहू दे मग." आणि त्यानं लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला.