शालनची मैफल

मधल्या सुट्टीत शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, शालनबाई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" त्यानं खाली पाहिलं, तेव्हा कळलं... रजेवर होती, दम लागतो म्हणत होती, एवढंच आम्हाला ठाऊक. ती गेली त्याला आता दीड महिना होत आला.

कर्जतच्या शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. ती इतिहास शिकवायची, मी गणित. तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद तिसरीत होता. शेंगदाणा तोंडात गेला की त्याचे ओठ सुजायचे, श्वास घुसमटायचा. पुण्याच्या एका डॉक्टरांनी बजावलं होतं, कणभरही नको. पण आपल्याकडे कूट कशात नसतं? दिवाळीच्या सुट्टीत तो पाथर्डीला आत्याकडे गेला. थोडं थोडं दिलं की सवय होते, असं कुणीतरी आत्याला सांगितलेलं. तिनं मायेनं भाजीचा एक घास भरवला. जीप नगरला पोचायच्या आतच मिलिंद संपला. शालननं नणंदेला एका शब्दानं दोष दिला नाही. 

कित्येक महिन्यांनी एके दिवशी ती म्हणाली, "ते डॉक्टर ह्याच आजारावर संशोधन करतायत. त्यांच्यासाठी नगरला गाण्याची मैफल भरवू." तिकिटं घेऊन आम्ही दुकानं पालथी घातली. कापडबाजारातले एक शेठ हसून म्हणाले, "शेंगदान्यानं मरतं व्हय कुनी? आमचं अख्खं खानदान त्याच्यावर वाढलं." शालन शांतपणे म्हणाली, "माझा मुलगा मेला." त्यांनी घाईघाईनं तिकीट घेतलं. आले मात्र नाहीत.

सभागृह अर्धंही भरलं नाही. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, पूर्वीची माणसं दगड पचवायची. लोक हसले. पहिल्या रांगेत शालन पदर सावरत बसून होती. गायक मनापासून गायले, पण मध्यंतरातच खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. मैफलीनंतरच्या जेवणात तिनं शेंगदाणा येऊ दिला नव्हता. हात धुताना एक बाई म्हणाल्या, "गाणं बरं हुतं, जेवनाला मात्र चव न्हाई." शालननं ऐकलं, आणि त्यांच्यापुढे टॉवेल धरला.

जमलं ते डॉक्टरांना पोचलं. पुढं ते परदेशी गेले आणि काम बंद पडलं. फोनवर कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मिलिंदसारखं दुसरं पोर आलं, तर पुन्हा हेच." पुन्हा मैफलीचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

शालन गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला मी तिच्या घरी गेले. वंदना झाली, पंगत बसली. स्वयंपाक पाथर्डीच्या नणंदेनं केला होता. वांग्याची भाजी वाढताना ती हळूच म्हणाली, "कूट न्हाई घातलं, बाई. वैनी ह्या घरात शेंगदाना आनू देत नव्हत्या." पळी हातात धरून ती तशीच उभी राहिली. भिंतीवर दोन फोटो होते, मायलेकरांचे.

"आता खानारं कुनी न्हाई," ती म्हणाली. "पन कूट घालाय हात उचलत न्हाई ओ माजा."