माका पण भीती वाटता

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणाकडे नातू झाला, कुणाची बदली झाली, कुणाची आई गेली, तरी सावंत सरांचं उत्तर एकच असायचं : ओके. सर विज्ञान शिकवायचे. देवगडच्या या शाळेत त्यांची तिसावर वर्षं झाली होती. "सर, निदान चार शब्द तरी लिहा," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "वाचला, कळला. मगे आणि काय लिवूचा, बाई?"

माणूस कोरडा नव्हता. माझी आई आजारी पडली तेव्हा स्वतःच्या गाडीतून आम्हाला कणकवलीला नेणारे सावंत सरच. दवाखान्याच्या बाकावर चार तास बसून राहिले, निघताना फक्त "येतंय" म्हणाले. जे काय वाटायचं ते हातापायांतून बाहेर यायचं. तोंडातून आणि मोबाईलमधून नाही.

एका दुपारी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. दोडामार्गहून धाकट्या भावाची बायको बोलत होती. भाऊ प्रकाश तिकडे केळीची शेती करायचा. दुसऱ्या दिवशी गोव्याच्या हॉस्पिटलात त्याचं हृदयाचं ऑपरेशन होतं. सरांचा फोन नेहमीच स्पीकरवर असे, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"भावोजी, ह्येंनी दोन दिस विचार करून तुमका मेसेज लिवलो. तुमचा 'ओके' वाचल्यानी आणि मोबाईल उलटो घालून ठेवल्यानी. सकाळपासून कोणाशी बोलणत नाय."

फोन ठेवून सरांनी तो मेसेज मला दाखवला. 'दादा, उद्या ऑपरेशन. माका भीती वाटता.' त्याखाली त्यांचं ओके.

"बाई, तुमी मराठी शिकवतास. काय लिवू सांगा."

मी सुचवलं, "काळजी करू नकोस, ईश्वर तुझ्या पाठीशी आहे."

"ह्या फळ्यार लिवूक बरा. आमच्यात असा कोण बोलना नाय."

"मग तुम्हाला काय वाटतंय?"

"माका?" त्यांनी उघडलेल्या डब्याचं झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाले, "माका पण भीती वाटता."

"तेच लिहा."

"मोठ्या भावान असा लिवूचा?"

मी मोबाईल त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहायला सुरुवात केली. पुसलं, परत लिहिलं. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं : 'प्रकाश, माका पण भीती वाटता. सकाळी तुझो मेसेज वाचून हात चलले नाय, म्हणून ओके लिवलंय. मी आजच येतंय. तुका आत नेतले तेव्हा मी थंयच आसतलंय.'

मेसेज गेला. आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. दोन मिनिटांत उत्तर आलं : 'दादा, लवकर ये.'

सरांनी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि डबा न खाताच निघाले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. दुपारी गटात सरांचा आवाजी मेसेज आला. सुरुवातीला नुसता श्वास, मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग, "ऑपरेशन बरा झाला. प्रकाश शुद्धीर इलो. माका बघून हसलो." पुढे त्यांना बोलवेना. ते रडत होते आणि त्यांनी ते कापून टाकलं नव्हतं.

खोलीतला ताण एकदम उतरला. कुणीतरी "देवा!" म्हणून खुर्चीत मागे टेकलं. मग मोबाईल वाजू लागले. कडक शिस्तीच्या मुख्याध्यापकांनी शेजारच्या केबिनमधून लिहिलं, 'सावंत, काल रात्रभर मला झोप नव्हती. आता बरं वाटलं.' गणिताच्या सरांनी लिहिलं, 'माझा भाऊ दोन वर्षं बोलत नाही. आज त्याला फोन करतो.'

पीटीचे सर माझ्या समोरच बसले होते, खिडकीकडे तोंड करून. माझ्या मोबाईलवर त्यांचं नाव उमटलं : 'सर, तुमचा आवाज ऐकून मी पण रडलो.'

मी मान वर केली नाही. त्यांना डोळे पुसायला वेळ दिला.