माझा दमा गेलेला नाही

बऱ्हाणपूरच्या फलाटावर गाडी सुटताना मी रडलो, असे माझा धाकटा भाऊ वसंता आजही आमच्या शनवारा मोहल्ल्यात सांगत असतो. ते खरे नाही. सामान चढवताना मला धाप लागली होती, आणि धाप लागली की माझ्या डोळ्यांना पाणी येते. पत्नी गेल्यावर मुलाकडे बर्मिंगहॅमला निघालेला निवृत्त मास्तर रडलाच पाहिजे, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल तसे समजावे. मात्र वसंताची दुसरी हकिगत मला तशीच सोडता येत नाही, कारण तिच्यापायी त्याच्या नातीचा, गौरीचा, श्वास पणाला लागला. म्हणून तिथे राहिलेल्या आणि तिथून बाहेर पडलेल्या सर्व आप्तांसाठी हे लिहितो.

इथली पहिली वर्षे मी संशयात काढली. खिडक्या बंद, हीटर सुरू आणि भरदुपारी दिवे लावावेत असे आभाळ. आपल्याकडे ऊन ही टाळायची वस्तू. वैशाखात तापीची वाळू पायाला चटके देई आणि आम्ही डोक्याला ओले फडके बांधून शाळा गाठत असू. इथे ऊन पडले की शेजारी खुर्च्या घेऊन बाहेर धावतात. मला प्रथम त्यांच्या डोक्याचीच शंका आली.

पुढे एका हिवाळ्यात खोकला हटेना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि 'ड' जीवनसत्त्व फारच कमी असल्याचे सांगितले. तापीकाठच्या माणसाला उन्हाची टंचाई! कुणा दुसऱ्याचे रक्त माझ्या नावावर खपवले असणार, अशी माझी खात्री होती. मग कॅप्सूल आली. तिचे कवच जनावराच्या हाडाकातड्यापासून बनते, हे मी औषधवाल्याकडून वदवून घेतले.

"बाबा, औषधाला कसला आलाय विटाळ?" सून म्हणाली.

"औषधाला नसेल. मला आहे."

शेवटी बिनकवचाची गोळी मिळाली, तर तिच्यातले सत्त्व मेंढीच्या लोकरीच्या चिकटापासून काढतात असे कळले. पुन्हा पंचाईत. पण आमची आई धाबळी नेसून सोवळ्यात स्वयंपाक करी. तिथे लोकर चालते तर इथेही चालेल, असा निवाडा मीच दिला.

"या गोळीने दमा जातो का?" मी बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, की कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. त्याने काहींचे दम्याचे झटके कमी होत असतील, पण त्यावर जाणकारांचे एकमत नाही. दम्याचा तोंडाने ओढायचा पंप मात्र सोडायचा नाही. आपले ज्ञान कुठे संपते हे सांगणारा डॉक्टर मला प्रथमच भेटला. त्या एका गोष्टीवर मी विश्वास ठेवला.

गेल्या हिवाळ्यात बऱ्हाणपूरला गेलो, तेव्हा तब्येत बरी होती. जेवणानंतर दुधाबरोबर गोळी घेताना वसंताने मला पाहिले. पंप मी दार लावून घेतो आणि नंतर चूळ भरतो. चारचौघांत तोंडात नळी धरणे मला शोभत नाही. जे दिसले नाही ते नाहीच, असे वसंताने ठरवले. "दादाने पंप फेकला! उन्हाची गोळी अन् गच्चीवरचं ऊन, बस. दमा साफ," असे तो दुकानोदुकानी सांगत सुटला. आमचे वडील कापसाचे व्यापारी होते. ते म्हणत, "गाठ फोडून पाहिल्याशिवाय माल चांगला म्हणू नये." वसंताने ते ऐकले, पण गाठ कधी फोडली नाही.

मी परतल्यावर एकदा व्हिडिओवर गौरी दिसली. गच्चीवर उन्हात बसवलेली, खांदे वरखाली होत होते.

"पंप कुठाय तुझा?"

"आजोबांनी... कपाटावर ठेवला, मोठे आबा. बोले... आदत लगती है. तुमचा गेला ना... धुपेनं?"

"वसंता, पंप दे तिला!"

"अरे दादा, तूच तर ठणठणीत..."

तेव्हा मी आयुष्यात कुणासमोर केले नव्हते ते केले. खिशातून माझा पंप काढला, हलवला, कॅमेऱ्यासमोर तोंडात धरून ओढला आणि श्वास रोखून सगळ्या घराकडे पाहत राहिलो. वसंताची बायको शकुंतला उठली आणि गौरीचे दोन्ही पंप, रोजचा आणि झटक्यावरचा निळा, घेऊन आली. "आधी निळा," मी म्हणालो. "आणि लगेच डॉक्टरांकडे न्या." तिथल्या डॉक्टरांनी सांगितले तर गौरीने गोळीही जरूर घ्यावी. पंपाच्या बरोबर, पंपाऐवजी नव्हे.

आता शनवाऱ्यात नवी हकिगत फिरते आहे, की दादा विलायतेत खचला, फोनवर तमाशे करतो. फिरू द्या. बर्मिंगहॅममध्ये माझ्या श्वासाची विचारपूस करणारे पुष्कळ आहेत, पण माझे पाहून स्वतःचे औषध सोडील असे कुणी नाही. तसली माणसे माझी फक्त बऱ्हाणपुरात आहेत. म्हणून घर तेच. तिथे माझ्याविषयीची बढाईसुद्धा कुणाला तरी भोवते.

रोज गौरीच्या रात्रीच्या जेवणाआधी मी फोन लावतो. "घेतला" म्हटलेले मला चालत नाही. समोर घ्यायचा, श्वास रोखून दाखवायचा, चूळ भरायची. तिचा श्वास खरखर न करता बाहेर सुटलेला मी माझ्या कानांनी ऐकतो, आणि मगच फोन ठेवतो.