आधी कोण उठतं

उंदीरकाका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी चहाचा कप उचलण्याआधी दोन्ही तळवे चोळतात. काकू म्हणतात, "अहो, कप चावत नाही!" पण गार हाताला उंदीर बिथरतो. चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेतले पिंजरे सांभाळलेला माणूस हे विसरणार कसा? भुसा बदलायचा, पाणी भरायचं, शेपटीवर शाईची खूण करायची: नराला एक रेघ, मादीला दोन.

त्यांची लाडकी आठवण दारूची. गैरसमज नको, दारू उंदरांना.

प्रयोग साहेबांचा. वजनाच्या हिशेबात दारू टोचायची, उंदीर पाठीवर निजवायचा आणि आपणहून कधी उलटतो ते घड्याळात बघायचं. काकांनी टिपलं, तर माद्या आधी उठलेल्या. साहेब भडकले.

"पुस्तकात लिहिलंय, दारू बाईला जास्त चढते. तू खुणा उलट्या केल्यास!"

"ते पुस्तक माणसांचं असेल, साहेब."

"उद्या माझ्यासमोर पुन्हा. चूक निघाली तर परवापासून गेटवर बसायचं."

रात्रभर काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. गेटवर बसायला हरकत नव्हती, पण गेट काही हातावर येऊन बसत नाही. "माद्या उठतील वेळेवर," काकू म्हणाल्या. "या घरात कोण आधी उठतं, बघताय ना?"

सकाळी साहेबांनी शेपट्या उचलून एकेकाची खात्री स्वतः केली, एकदा चावूनही घेतलं. सहा नर, सहा माद्या, ओळीने उताणे. काका हात मागे बांधून उभे.

पहिला उलटला तो नर. साहेबांनी नुसतं वर पाहिलं. मग एक मादी उठली. लगेच दुसरी. बघता बघता सहाही माद्या मिशा साफ करत बसल्या, आणि पाच नर लग्नाच्या वऱ्हाडासारखे आडवे ते आडवेच.

साहेबांनी घड्याळ बंद केलं. बोटावरची पट्टी बराच वेळ चाचपली.

"तुम्हाला चावत नाहीत ते?"

"आधी हात गरम करायचे, साहेब."

साहेबांनी मुकाट्याने तळवे चोळायला घेतले. काकांनी एक मादी अलगद उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवली.