सिक लाइनवरचं अस्वल

तिसऱ्या चाकावर हातोडी मारली आणि डब्याच्या आतून धप् झालं. परत मारली. परत धप्.

मी तेव्हा भिलाई यार्डात ट्रेन एक्झामिनर होतो. गाडी थांबली की चाकाचाकावर हातोडी मारून ऐकायचं, हे आमचं काम. चांगलं चाक टणटणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. त्या सकाळी दुर्गकडून रायपूरला जाणारी सर्कसची गाडी येऊन उभी होती. चाक तर ठणठणीत होतं. मग आत काय हललं? मी सुखदेवला बोलावलं. हा माझा खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, भंडाऱ्याकडचा, वयानं माझ्याहून मोठा.

"दाराले कान लाव," म्हटलं, आणि लागोपाठ दोन ठोके दिले. आतून दोनदा धप् धप्.

सुखदेव मागे सरकला. "साहेब, आत कोणीतरी तुमची हातोडी मोजून राहिलं."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कावून सांगू?

सर्कसचा मॅनेजर धावत आला. सांगलीकडचा माणूस, बोलणं गोड. "पडदे आहेत हो त्यात."

"पडद्याले पाय असते का? उघडा. नाहीतर डबा सिक मारतो." सिक म्हणजे नादुरुस्त. खडूनं खूण केली की डबा गाडीतून कापून बाजूच्या लाइनवर काढतात.

दार उघडलं. आत अस्वल. नाकातून दोरी, मागच्या दोन पायांवर उभं, नजर कुठंच नाही. खाली लोखंडी पत्रा ठोकलेला. तळव्यांची सालं निघालेली. मॅनेजरनं फळीवर बोट वाजवलं, तसा अस्वलानं एक पाय उचलला, मग दुसरा.

"पत्रा तापवायचा अन् काठी ठोकायची. चटका बसला की उचलतंय. आता पत्रा गार असला तरी नुसत्या ठोक्यावर उचलतंय, लई हुशार आहे." बैलाचं कौतुक करावं तसं बोलला. माझं डोकंच फिरलं.

डब्यात दोष काही नव्हता. तरी मी सिक मारला. यार्ड मास्तरांनी विचारलं, "काय झालं त्याले?"

"स्प्रिंग गेली साहेब." नोकरीत पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिला. दुर्गच्या ढोरांच्या डॉक्टरला निरोप धाडला. तो तळवे पाहील, वर तक्रार करेल, अस्वल सुटेल, असा माझा हिशेब. गाडी गेली, मॅनेजर डब्यापाशी थांबला.

आमची सिक लाइन कारखान्याच्या कुंपणाला लागून होती. पलीकडे भट्टीच्या पायासाठी खांब ठोकणं चालू होतं. आठ वाजता मशीनचा घण पडला.

डब्यातून धप् झालं.

तो घण दिवसभर थांबत नसे. धावत यार्ड मास्तरांकडे गेलो. डबा हलवा म्हटलं, तर शंटिंगचं इंजिन मरोद्याला गेलेलं, दुपारशिवाय येत नाही. कुंपणापलीकडचा इंजिनियर म्हणाला, "एका भालूसाठी काम बंद करू का?"

सुखदेवनं पत्र्यावर पोती अंथरली. अस्वलाच्या कानात सुताचा बोळा कोंबला. काही उपयोग नाही. पत्र्यातूनच हादरा चढत होता. बाहेर ओढलं तर चालेना, जागीच पाय उचले. बादलीत तोंड घालायला वाकलं की घण पडे, की ते पुन्हा उभं. पाणी तसंच राहिलं.

मॅनेजर दोरी धरून विनवत होता, "बस बाळा, बस." मग माझ्याकडे वळला. "त्याला बसायचं शिकवलंच नाही हो साहेब."

दुपारी, इंजिन यायच्या आधीच, ते कुशीवर पडलं. पडल्यापडल्याही ठोक्याठोक्याला पाय हलत होते, एक मग दुसरा. सुखदेव त्याच्या पोटावर हात ठेवून बसला होता. काही वेळानं म्हणाला, "साहेब, घण चालू आहे."

चालूच होता. पाय थांबले होते. डॉक्टर आले तोवर अंग गार पडत आलं होतं.

आगीतून काढून फुफाट्यात मीच टाकलं त्याला. खोट्या रिपोर्टबद्दल मेमो मिळाला, तो मी गुमान घेतला. पुढं नव्या एक्झामिनरांना शिकवताना एक गोष्ट मी हटकून सांगे. डबा सिक मारायच्या आधी तो उभा कुठं राहणार, ते स्वतः जाऊन पाहा. मी त्या सकाळी गाडी सोडली असती, तर अस्वल रायपूरला जिवंत पोचलं असतं. तिथंही नाचलंच असतं, पण दिवसाचे दोनच खेळ.