वायरमनचं तिकीट

यंदा वॉर्डाचं तिकीट वायरमनला मिळणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खरं तर तो कुठल्या वीज कंपनीचा माणूस नव्हता. मंडईच्या कोपऱ्यावर पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देण्याचं त्याचं दुकान. पण कुणाच्या घरात अंधार झाला की पहिली हाक त्याला, म्हणून हे नाव पडलं ते पडलं. पक्षाच्या सभेला खांबावर चढून दिवे लावायचे त्यानेच, विरोधकांचा दगड कपाळावर झेलायचा त्यानेच आणि पुढाऱ्यांच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या की वायरी गुंडाळत मागे राहायचं तेही त्यानेच. जुने नगरसेवक आजारपणामुळे घरी बसले, तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं, आता याला उभा करा. मग काय, ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती तेही दुकानात येऊन चहा पिऊन जाऊ लागले.

बायको मात्र सावध होती. घास तोंडात पडेपर्यंत आपला म्हणू नये, असं ती म्हणायची. त्यावर आई तिला अपशकुनी ठरवून मोकळी व्हायची.

मुलाखतीला जाताना धाकटा भाऊ सोबत आला. वडिलांमागे वायरमननेच त्याला वाढवला, आपली शाळा सोडून वकील केला. कोर्टात त्याचं फारसं चालत नव्हतं, पण जीभ अशी गोड की समोरच्याला आपणच शहाणे आहोत असं वाटावं. मोठ्या माणसांसमोर दादा अडखळतो, तेव्हा निदान दाराबाहेर आपण असलेलं बरं, असं तो आपणहून म्हणाला होता. वायरमनला भरून आलं होतं.

पक्षाच्या कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घरघरणारा कूलर होता. कूलरचं बेअरिंग गेलंय, हे आवाजावरूनच वायरमनला कळलं. अध्यक्षांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि बोलता बोलता मंडईचा विषय काढला. ती जागा मोकळी करून तिथे मोठं व्यापारी संकुल बांधायचं चाललं होतं. ठराव सभागृहात आला तर हात वर करणार ना?

वायरमनच्या डोळ्यांसमोर ओट्यांवर बसणाऱ्या बाया आल्या. तो म्हणाला, "साहेब, त्या लोकांना विचारून सांगतो."

"पक्षाला विचारून नाही?" अध्यक्ष हसत म्हणाले.

अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, निर्धास्त राहा म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले. तिथे धाकटा उभा होता. त्याला त्यांनी सहज दोन शब्द बोलायला म्हणून आत नेलं. बराच वेळ गेला. बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, तुझ्याबद्दलच विचारत होते. परतीच्या वाटेवर मात्र तो खिडकीबाहेर बघत बसला.

दुसऱ्या दिवशी नाव जाहीर झालं, ते धाकट्याचं.

"दादा, मी नको म्हटलं असतं तर परक्याला दिलं असतं," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "निदान घरात तरी राहिलं."

आईनेही तेच उचललं. दोन्ही डोळे सारखेच की, म्हणाली. बायको भांडी घासत होती. मागे वळून न बघता ती बोलली, "एक डोळा फोडून दुसऱ्याला काजळ घालताय, एवढंच."

त्या रात्री वायरमन जेवला नाही. पण सकाळी अध्यक्षांचा निरोप आला, की प्रचाराची धुरा तुमच्याच खांद्यावर. आणि तो गेला. नाही म्हणावं तर घर फुटेल, लोक हसतील, आई अंथरूण धरेल. धाकट्याचा हात धरून तो दारोदार फिरला. तू का नाही, असं विचारलं की म्हणायचा, आम्ही दोघं एकच. मंडईत भाजीवाल्या मावशीने दोघांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "एकच आहात, तर तुला का नाही दिलं?" धाकट्याने चटकन विषय बदलला. वायरमन तोंडातल्या तोंडात बोलला, "मावशी, माझ्याकडे बघून मत द्या."

त्याच्याकडे बघून लोकांनी भरभरून मतं दिली. धाकटा निवडून आला. ठराव आला तेव्हा त्याचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. वायरमनने एकदाच विचारलं, तर धाकटा समजावणीच्या सुरात म्हणाला, दादा, राजकारणात पुढचं बघावं लागतं. मंडई पडली, तिच्या कोपऱ्यावरचं वायरमनचं दुकानही पडलं. आता तो घराच्या ओसरीतच मोटारी उघडून बसतो. धाकट्याकडे आलेली माणसं त्याच्या अवजारांना वळसा घालून आत जातात. साहेब आहेत का, असं त्यालाच विचारतात. तो म्हणतो, आहेत, बसा.

भाजीवाली मावशी नाक्यावर हातगाडी लावते. एकदा तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने भाजीचा भाव विचारला आणि अर्धा किलो द्यायला सांगितली.

"मत मी तुला दिलं होतं बाबा," ती शांतपणे म्हणाली, आणि त्याने मागितलेली भाजी तोलू लागली.